चौकोन केवढा घ्यायचा

पाचशे मीटरचा चौकोन घेतला
की जालना सोपं होतं.
कुंडलिका उरत नाही,
मोती तलावाचं एक निळं ठिगळ तेवढं राहतं.
स्टीलच्या भट्ट्या, भट्टीमागच्या खोल्या,
खोल्यांमागचं लिंबाचं झाड
सगळं एका लाल रंगात मिटून जातं.
जे जास्त, त्याचा रंग. असा नियम आहे.
बासष्ट एकर मावतात एका चौकोनात
आणि बासष्ट एकरांना मिळून एकच नाव,
बांधीव. किंवा शेती. किंवा पडीक.

मॉडेल रात्रभर चालतं.
सकाळी दोन हजार एक्केचाळीस साल
दुधाच्या पिशवीसारखं दारात येऊन पडलेलं असतं.
अचूकता एक्क्याण्णव टक्के.
खिल्लारे सर खूश.

मग मी तीस मीटरवर उतरले.
नदीला काठ आला. तलावाला बंधारा.
झाडाला त्याचा स्वतःचा चौकोन मिळाला, जवळजवळ पूर्ण.
आणि अचूकता घसरली एकोणसत्तरवर.
"जवळून पाहिलं की चुका दिसणारच," सर म्हणाले,
"म्हणून पाहू नये असं नाही.
पण अहवाल शुक्रवारी द्यायचाय."

नियम तर मी तोच ठेवला होता :
आठ शेजाऱ्यांपैकी तिघांनी बांधलं
तर पुढच्या साली मधलाही बांधणार.
पण शेजारी म्हणजे कोण?
मोठ्या चौकोनात तो अर्धा किलोमीटर लांब,
नावसुद्धा माहीत नसतं.
लहान चौकोनात भिंतीपलीकडे खोकतो.

दोनशे बारावी ओळ, सत्त्याऐंशीवा रकाना.
मॉडेल म्हणत होतं, शेती राहील.
उपग्रह म्हणत होता, गेली.
मंठा रोडवरून स्कूटी आत घातली.

लिंबाजी खरात फक्कीची पाटी घेऊन वाकलेला,
सुतळीवरून पांढरी रेघ सोडत.
"काय मोजायलीस, माय?"
"हा चौकोन."
"केवढा?"
"तीस बाय तीस मीटर."
त्याचे ओठ नुसतेच हलले जरा वेळ.
"नऊ गुंठ्याला थोडा कमी.
सोळा प्लॉट बसतेत, वीस बाय तीसचे.
रस्ता सोडला तर बारा.
पण रस्ता कामून सोडता म्हणा."

कडूबाई तौर उरलेल्या पाच गुंठ्यांत
मोसंबीच्या वाळल्या बुंध्यावर बसलेल्या.
मी फॉर्म काढला.
डांबरी रस्त्यापासून अंतर, उतार, विहिरीचं पाणी, भाव.
त्यांना एकही प्रश्न आवडला नाही.
"पाणी व्हतं. भाव बी बरा व्हता.
वाट ऱ्हायली न्हाई."

आधी पूर्वेला प्लॉट पडले, मग उत्तरेला,
मग काटेरी तार,
मग आठ फुटांची गाडवाट
कुणाच्या तरी संडासाखाली गेली, एका रातीत.
"मोसंबी काय डोक्यावर न्यायची?"
थांबल्या.
"दोन साल न्हेली बी."

आठ फूट.
म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाहीत.
माझ्या सगळ्यात लहान चौकोनात
ती वाट बारा वेळा बुडेल.
मोठ्यात दोनशे वेळा.
आणि मोठा चौकोनच बरोबर निघाला होता,
कशाचाच पत्ता नसताना,
दूरच्या एखाद्या मामासारखा :
जमेल म्हणाला लग्न, जमलं.

शुक्रवारी शंभर मीटर ठरलं. मधलं.
त्र्याऐंशी टक्के, आणि नकाशा छापल्यावर बरा दिसतो.
मर्यादांच्या परिच्छेदात मी लिहिलं,
काही कारणं पेशीपेक्षा लहान असतात.
सरांनी वाक्य ठेवलं.
'कारणं' खोडून 'घटक' केलं.

त्या दिवशी निघताना वारा सुटला होता.
फक्की कोरडी. उडाली,
रेघ वीतभर सरकली कडूबाईंच्या पाच गुंठ्यांत.
लिंबाजीनं सुतळीकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला,
"वीतभरानं काय व्हतंय."